धकाते मॅडमची दुकानदारी

आमच्या घरी फ्रिज आला तेव्हा फ्रिजच्या आधी धकाते मॅडम आल्या.

टेम्पो साकोलीहून दुपारी निघणार आहे, ही गोष्ट मी स्टाफरूममध्ये जरा ऐटीत बोलून बसलो होतो. शाळा सुटल्यावर घरी येतो तर मॅडम ओसरीवर खुर्ची टाकून चहा पीत बसलेल्या आणि पायाशी सुतळीचा गुंडा. बायकोला वाटलं, अभिनंदन करायला आल्या असतील. टेम्पो आला, दोन माणसांनी फ्रिज उतरवला. मॅडमनी त्या पांढऱ्याशुभ्र यंत्राकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "फ्रिज तुमचा, खोका माझा," म्हणाल्या आणि खोका, आतला थर्माकोल, वरच्या प्लास्टिकच्या पट्ट्या, इतकंच काय वॉरंटीच्या कागदाला लावलेली पिनसुद्धा काढून घेऊन त्याच टेम्पोतून शाळेकडे रवाना झाल्या. वॉरंटीचा कागद तेवढा आम्हाला ठेवला, हे उपकार. जाताजाता बायकोला विचारून गेल्या, "तुमचा जुना माठ फेकून राहिल्या का?"

त्या दिवसापासून आमच्या घरात 'फेकून दे' हे शब्द कोणी मोठ्यानं बोलत नाही.

धकाते मॅडम आमच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. आता निवृत्त होऊन भंडाऱ्याला असतात, आणि तिथल्या गल्लीतल्या लोकांची मला अधूनमधून काळजी वाटते. बेताची उंची, भरभर चाल आणि मान कायम खाली. नवख्या माणसाला वाटायचं, काय विनयशील बाई आहे! विनयाचा काही संबंध नव्हता. रस्त्यावर काय पडलंय ते पाहत चालण्याची ती सवय होती. बोलताबोलता त्या मध्येच खाली वाकायच्या, एखादं बूच किंवा सायकलचा छर्रा उचलून पिशवीत टाकायच्या आणि वाक्य जिथं सोडलं तिथून पुढं चालू करायच्या. त्यांच्याशी रस्त्यावर बोलताना आपण नक्की कोणाशी बोलतोय, असा प्रश्न पडायचा.

घराणं विणकरांचं. वडिलांनी आयुष्य हातमागावर काढलेलं. मागावर उरलेला वीतभर धागासुद्धा त्यांच्या घरात वाया जात नसे, कोणाचा करदोटा व्हायचा, कोणाची वात. ते सगळं वळण मॅडमनी आमच्या शाळेत आणलं. शाळेमागची मोडक्या बाकांची खोली त्यांनी मागून घेतली आणि तिथं दवाखान्यातल्या सलाईनच्या बाटल्या, सिमेंटच्या रिकाम्या चुंगड्या, सायकलच्या ट्यूब, लग्नाच्या पत्रिका, झाडीपट्टीच्या नाटकांची भडक पोस्टरं असा संसार मांडला. त्यांच्या वर्गात 'कचरा' म्हणायला बंदी होती. जो म्हणेल त्यानं तासभर उभं राहायचं.

"कचरा नाई म्हनायचं. बेरोजगार म्हनायचं," त्या सांगायच्या. "हा डबा बेरोजगार हाय. त्याच्यात काही खोट नाई, त्याले फक्त कोनी काम देल्लं नाई. पाहा बरं याले कुठी लावता ते."

पालकसभेत त्यांनी हेच सांगितलं. आमच्या तालुक्यात डी.एड. करून घरी बसलेली इतकी पोरं आहेत की पालकांपैकी कोणी हसलं नाही. दोघातिघांनी तर माना डोलावल्या.

मॅडमचा सगळ्यात आवडता माल म्हणजे फ्लेक्स. पुढाऱ्यांचे वाढदिवस झाले की चौकातले फ्लेक्स उतरवून आणायचे, कापायचे आणि मुलींकडून पिशव्या शिवून घ्यायच्या. पाणी लागत नाही, फाटत नाही. अडचण एकच, कोणत्या पिशवीवर कोणता अवयव येईल ते कात्रीच्या मर्जीवर असायचं. त्यामुळे गावात कोणी दुसऱ्याच्या हसऱ्या ओठांतून वांगी नेत असे, कोणी नमस्कार करणाऱ्या हातांत दळण.

एका सव्वीस जानेवारीला तालुक्यातले एक पुढारी झेंड्याला आले. शाल, नारळ झालं आणि आमचे मुख्याध्यापक शहारे सर यांनी मोठ्या कौतुकानं विद्यार्थ्यांनी केलेली पिशवी त्यांच्या हातात दिली. पिशवीवर एक डोळा आणि अर्धी मिशी. पुढारी त्या डोळ्याकडे पाहत राहिले, डोळा त्यांच्याकडे. शहारे सरांच्या कपाळावर जानेवारीत घाम आला.

"हे कोनाचं होय?" पुढाऱ्यांनी विचारलं.

"तुमचंच होय जी," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "दुसरा डोळा सातवीतल्या एका पोरीकडे हाय. ते त्यात डबा आनते."

"आन् बाकीचा मी?"

"बाकीचे तुमी बाजारात फिरून राहिले. मजबूत कापड हाय, निवडनुकीपर्यंत काही होत नाई त्याले."

पुढारी एवढे हसले की माईक शिट्टी मारायला लागला. पुढच्या आठवड्यात त्यांनी आपले सगळे जुने फ्लेक्स ट्रॅक्टरनं पाठवले. ही बातमी कळल्यावर त्यांच्या विरोधकांनीही आपले पाठवले, कारण मागं राहून कसं चालेल. शाळेच्या एका थैलीवर दोन्ही पक्ष शेजारी शेजारी शिवले गेले आणि ती थैली शहारे सरांनी कुलूप लावून कपाटात ठेवून दिली.

वस्तू करणं मुलांना चटकन जमायचं. घोडं अडायचं ते विकण्यापाशी. मॅडमचं म्हणणं असं की नुसती कला शिकवून पोट भरत नाही, पोराला आपल्या वस्तूचा भाव सांगता आला पाहिजे. आणि आमच्याकडच्या लेकरांना जगातलं सगळं जमेल, भाव सांगणं जमणार नाही. धानाचा गाव, तलावाचा गाव. घरी आलेल्या माणसाच्या थैलीत चार वांगी, मूठभर वाळलेली मासोळी टाकायची सवय. "केवढ्याले?" असं विचारलं की पोरगं पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायला लागणार आणि म्हणणार, "जे वाटंन ते द्या."

म्हणून मॅडम सरावासाठी मुलांना स्टाफरूममध्ये पाठवायच्या. नियम ठरवून दिला होता, "गिऱ्हाइकाच्या डोळ्यात पाहाले भेव लागत असंन तं कपाळाकडे पाहा. पन खाली नाई पाहायचं." एकदा नववीतली आचल माझ्यापुढे सलाईनच्या बाटलीचं पेनस्टँड घेऊन उभी राहिली. वर्गात कधी मान वर न करणारी पोरगी.

"केवढ्याला?" मी विचारलं.

ती माझ्या कपाळाकडे पाहत राहिली. इतका वेळ पाहत राहिली की मी रुमाल काढून कपाळ पुसलं. तरी पाहतेच आहे. शेवटी तिचा धीर सुटला. "सर, तुमी असंच न्या नं."

"आचल!" दाराआडून मॅडम गरजल्या. "तुझ्या हातचं काम हाय का रस्त्यावर पडलेलं हाय?"

"मॅडम, सर आपलेच तं होत."

"आपल्याच मानसानं नाई घेतलं तं कोन घेईन वं?"

मी पेनस्टँड घेतलं नाही. मी गणिताचा मास्तर आहे आणि मला भाव न ठरलेल्या व्यवहाराची धास्ती वाटते.

दिवाळीची सुट्टी संपली आणि शहारे सरांनी मीटिंग घेतली. सहामाहीत दहावीचा गणिताचा निकाल खाली आला होता. सर माणूस वाईट नाही, पण निकालाच्या दिवसांत त्यांना तास सोडून दुसरं काही दिसत नाही. नववी-दहावीचे चित्रकलेचे तास गणिताला द्यायचे आणि मागची खोली रिकामी करायची, असं त्यांनी जाहीर केलं. म्हणजे ते तास मला. मला ते हवेच होते, उगाच साळसूदपणा कशाला करू? मी खाली पाहून पेन्सिलीला टोक करत बसलो.

"हे नुसती चित्रकला नाई जी," मॅडम उभ्या राहिल्या. "हे धंद्याचं शिक्षन हाय. उद्या याच्यावर लेकरं पोट भरतीन."

"धंदा?" शहारे सर म्हणाले. "मंग धंदा दाखवा मॅडम. एक वस्तू. फक्त एक. शाळेच्या मास्तरले नाई, बाहेरच्या मानसाले, रोख पैसे घेऊन विकून दाखवा. इतवारी आपल्या गावची मंडई हाय, लावा दुकान. विकली तं तास तुमचे, खोली तुमची. नाई विकली तं बोरकर सरायचे."

स्टाफरूममधल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मॅडमनी नाही पाहिलं. त्या खिडकीतून मागच्या खोलीकडे पाहत होत्या. त्या खोलीशिवाय ही बाई काय करेल, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आलं आणि मला पेन्सिलीला आणखी टोक करता येईना.

दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा, कारण त्या दिवशी आजूबाजूच्या सगळ्या गावांतले सोयरे तुमच्या घरी आणि पुढच्या आठवड्यात तुम्ही त्यांच्या घरी. जत्रा, खेळणी, जिलबी, रात्री नाटक. मुलांनी शाळेच्या कमानीजवळ दुकान लावलं. पिशव्या, पेनस्टँड, ट्यूबचे पट्टे, पत्रिकांची तोरणं. शेजारी गल्ला म्हणून खोबरेल तेलाचा डबा. मॅडम लांब उभ्या, कारण त्यांनी मध्ये पडायचं नाही असं ठरलं होतं. मीही लांबच उभा होतो. मला त्यांचं वाईट व्हावं असं वाटत नव्हतं आणि तास तर हवे होते, त्यामुळे माझी अवस्था अवघड होती.

गर्दी तर विचारू नका. पहिल्याच बाईनं पिशवी उचलली, उलटसुलट पाहिली, पसंत केली. आचलनं कपाळाकडे पाहिलं, भाव सांगितला. मॅडम लांबूनच दोन पावलं पुढं आल्या. बाईनं कमरेचा बटवा काढला आणि बटवा उघडताउघडता सहज विचारलं, "कोनाची वं तू?"

झालं. दोन वाक्यांत ती आचलच्या आत्याची नणंद निघाली. आता आत्याच्या नणंदेकडून, त्यातून मंडईच्या पाहुणीकडून, पैसे कसे घ्यायचे? आचलनं पिशवी तिच्या हातात कोंबली आणि वर एक तोरण दिलं.

मग तेच. ज्याला त्याला "कोनाचा रे तू?" आणि जो तो पाहुणा. मामा लोकांनी तर घोळ आणखी वाढवला. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. भाचीकडून फुकट घेणं म्हणजे पाप. त्यामुळे मामानं वस्तू घ्यायची, भाचीनं पैसे नाकारायचे, मामानं पाया पडून नोट तिच्या मुठीत दाबायची. दिवस मावळायच्या आत दुकान साफ झालं. गल्ला उघडला तर त्यात सुपारीचं एक खांड.

"आन् हे मुठीतले पैसे?" शहारे सरांनी विचारलं.

"हे मामानं खाऊले देल्ले," पोरं एका सुरात म्हणाली. "हे धंद्याचे नाई होत जी."

त्यातल्याच काही पैशांच्या त्यांनी मंडईतून प्लास्टिकच्या पिपाण्या घेतल्या होत्या आणि त्या वाजवत उभी होती. त्या गोंगाटात शहारे सर म्हणाले, "मॅडम, सोमवारपासून..."

"सर, लेकरायची चूक नाई, जागेची चूक हाय," मॅडमनी त्यांना तोडलं. "सोयऱ्यायच्या गावात दुकान लावून धंदा होत असते का? अनोळखी गिऱ्हाईक द्या. हायवेवर एक दिवस जाऊ द्या."

हायवे म्हटल्यावर शहारे सर बिथरले. शेवटी ते स्वतः सोबत येतील या अटीवर सोमवारचा एक दिवस मिळाला. साकोलीच्या अलीकडे रस्त्याला लागून एक ढाबा आहे. मालक आमचाच जुना विद्यार्थी, त्यानं अंगणात बाज टाकून दिली. नागझिऱ्याचं जंगल पाहायला येणाऱ्या गाड्या तिथं चहाला थांबतात. रात्रभर बसून मुलांनी नव्या पिशव्या शिवल्या होत्या. सर झाडाखाली खुर्ची टाकून बसले, मी त्यांच्या बाजूला.

मुलांनी अनुभवातून शहाणं होऊन एक नियम काढला होता. गाडीचा नंबर पाहायचा. एमएच छत्तीस म्हणजे आपला भंडारा, ती गाडी सोडायची. पस्तीस म्हणजे गोंदिया, तिकडे मावश्या, तीही सोडायची. एकतीस नागपूर. तिथं प्रत्येकाचा काका नोकरीला, तीही बाद.

"मंग उरलं काय वं?" मॅडमनी विचारलं.

"पुन्याची आन् छत्तीसगडची," आचल म्हणाली.

पुण्याची एक गाडी थांबली. त्यातले गृहस्थ फार भारावले. "काय सुंदर उपक्रम आहे!" म्हणाले. प्रत्येक वस्तू हातात घेतली, मुलांबरोबर फोटो काढले, मॅडमबरोबर काढला, शहारे सरांनाही उठवून फोटोत घेतलं. मग चहा पिऊन, हात हलवून निघून गेले. मॅडम गाडी दिसेनाशी होईपर्यंत त्या दिशेला पाहत होत्या. ऊन कलायला लागलं. सरांनी घड्याळ पाहिलं, मॅडमनी पदर खोचला आणि सोडला, परत खोचला.

तेवढ्यात सीजी नंबरची, म्हणजे छत्तीसगडची गाडी वळली. पोरं बाजेजवळ ताठ उभी राहिली. गाडीतून एक बाई उतरली, कमरेवर हात ठेवून आळस दिला आणि पिशव्यांकडे आली. एक निळी पिशवी उचलली.

"केवढ्याले वं बाई?"

ते 'केवढ्याले' ऐकून मी शहारे सरांकडे पाहिलं. छत्तीसगडची कसली, ही तर आपलीच.

आचलनं भाव सांगितला. कपाळाकडे नाही, सरळ डोळ्यांत पाहून.

"बरं शिवलं हाय. माझं माहेर इथंसाच हाय, एकोडीले," बाई पर्स उघडत म्हणाली. "दुर्गले देल्लं मले. जीव लागून राहते माहेराकडे." आचलची आई एकोडीची, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. बाईनं नोट बाहेर काढली, आचलकडे निरखून पाहिलं आणि अगदी मायेनं विचारलं, "कोनाची वं तू?"

शहारे सर खुर्चीतून अर्धे उठले. मॅडमनी डोळे मिटून घेतले.

"धकाते मॅडमची," आचल म्हणाली.

"कोन धकाते मॅडम?"

"ह्या." आचलनं बोट दाखवलं. "आन् भाव कमी नाई होत."

बाईनं मॅडमकडे पाहिलं, हसली, नोट दिली. आचलनं ती डब्यात टाकली, झाकण गच्च लावलं, मग वाकून बाईच्या पाया पडली. "आता आयका मावशी. मी एकोडीच्या वनिताची पोरगी होय."

"अगं बाई, आमच्या वनीची!" म्हणत बाईनं तिला कवटाळलं, दोघी रडल्या, मावशीनं खाऊला वेगळे पैसे दिले आणि आचलनं ते डब्यात न टाकता वेगळ्या खिशात ठेवले.

"पन हे तं मावशी निघाली," शहारे सर म्हणाले. "हे बाहेरचं गिऱ्हाईक कसं?"

"पैसे घेतले तवा कोनी नव्हती जी," मॅडम म्हणाल्या. "मावशी मंग झाली."

सरांनी बराच विचार केला. "बोरकर," ते म्हणाले, "तुमचे तास गेले." मला हसू आलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

मॅडमचं लग्न झालेलं नव्हतं, गावात नात्याचं कोणी नव्हतं. जिथं प्रत्येक जण कोणाचा ना कोणाचा, त्या गावात त्या इतकी वर्षं एका भाड्याच्या खोलीत राहिल्या. नवखं माणूस विचारायचं, "कोनाच्या तुमी?" तेव्हा त्या "शाळेच्या" म्हणायच्या आणि पुढं चालू लागायच्या. त्या दिवशी त्या ढाब्याच्या टाकीपाशी जाऊन तोंडावर पाणी मारत राहिल्या, गरज होती त्यापेक्षा जास्त वेळ. मी तिकडे पाहायचं टाळलं.

मी आणि शहारे सर निघालो, कारण सरांना संध्याकाळच्या आत शाळेत पोचायचं होतं. मुलं म्हणाली, अजून थोडं थांबतो, ढाबेवाला दादा टेम्पोनं सोडून देईल. सर नको म्हणणार होते, पण म्हणाले नाहीत. बसच्या खिडकीतून मी मागं पाहिलं. मॅडम बाजेपाशी उभ्या होत्या, ओला पदर खांद्यावर, एक हात आचलच्या पाठीवर. ढाब्याकडे एक गाडी वळत होती, एमएच छत्तीसची. पोरं माल झाकायला धावली तशा मॅडम ओरडल्या, "राहू द्या रे तसंच!" आणि स्वतः एक पिशवी घेऊन त्या गाडीपुढे गेल्या.